बगळा नदी

पुढचा थांबा, बगळा नदी, असं बसमधला रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज म्हणाला आणि मागच्या बाकावर बसलेल्या तिची जीभ तोंडातल्या तोंडात दातांवरून फिरायला लागली. ही तिची जुनी खोड होती. घाबरली की जीभ डावीकडच्या शेवटच्या दाढेपासून निघायची आणि एकेक दात चाचपत उजवीकडे जायची, आगीतून बाहेर पडल्यावर घरची सगळी माणसं आहेत ना ते बघावं तशी. मांडीवर पुठ्ठ्याचा डबा होता, डब्यात कापसावर ठेवलेली मेणातली कवळी होती, आणि दुपारच्या उन्हाने मेण मऊ पडू नये म्हणून तिने डब्यावर रुमाल टाकला होता. आता त्या रुमालाचं टोक तिच्या मुठीत होतं आणि ते कधी धरलं हे तिला आठवेना. बसमध्ये मोजकीच माणसं होती. एकानेही मान वर केली नाही. पुढच्या बाकावरच्या माणसाने बटण दाबलं, दिवा लागला, बस थांबली, दोन बायका पिशव्या सावरत उतरल्या. उतरताना एक दुसरीला म्हणाली, "आता लक्षात ठेव, बगळा नदीला उतरलं की जवळ पडतं." म्हणजे लोक ते रोज म्हणत होते. किराणा आणताना, मुलांना शाळेतून घ्यायला जाताना, फोनवर पत्ता सांगताना. ती मात्र चाळीसहून जास्त वर्षं ते नाव तोंडात धरून बसली होती, गिळलं नव्हतं आणि थुंकलंही नव्हतं. आणि ही कोण कुठली बाई, जिने एकदा कधीतरी यंत्रासमोर बसून ते म्हटलं, ती आता सकाळपासून रात्रीपर्यंत, प्रत्येक बसमध्ये, आवाज जराही न हलवता ते म्हणत होती.

शहराच्या या नव्या बाजूला ती यापूर्वी आली नव्हती. येण्याचं कारणही नव्हतं. शहराच्या जुन्या भागातल्या एका लॅबमध्ये ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, जबडा उभा करायचा, मेणात दात बसवायचे, आणि मग ज्या तोंडाला आपण कधी पाहिलंही नाही त्या तोंडात ते नीट बसतील अशी आशा करायची. लॅबच्या मालकांना ती 'आमचा उजवा हात' वाटायची, निदान पगारवाढीचा विषय निघाला की ते तसं म्हणायचे. नव्या वस्तीत दवाखाना उघडलेल्या एका डॉक्टरीणबाईंची तक्रार होती की एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदाही जमत नाहीये, तेव्हा कारागिरानेच येऊन बघावं. म्हणून ती निघाली होती. जुना रस्ता असता तर तिने ओळखला असता. पण बस नव्या रुंद रस्त्याने, भलत्याच दिशेने शिरली होती. एखाद्या ओळखीच्या घरात मागच्या दाराने जावं, आणि स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कळावं की अरे, हे तर आपलंच घर, तसं झालं.

बगळ्या तिचा भाऊ. तिच्याहून आठेक वर्षांनी मोठा. अंगापिंडाने म्हणाल तर सगळे पायच पाय. "कापड आणलं होतं बेताचं, ते पायांतच संपलं," असं शेजारची शिंपीणकाकू म्हणायची, आणि त्यावर तो स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. आज तिला कुणी ते दात प्लास्टरच्या शंभर साच्यांत मिसळून दिले असते तरी तिने डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने ओळखले असते. विचार करताना एका पायावर उभं राहायची त्याला सवय, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला, हातात पुस्तक नाहीतर अर्धी भाकरी. कवायतीच्या मास्तरांनी एक दिवस रांगेत त्याला तसा पाहिला आणि म्हणाले, ए बगळ्या, दोन्ही पाय जमिनीवर. झालं. संध्याकाळपर्यंत ते नाव घरी पोचलं होतं. आपल्या भाषेत शब्दाला असा 'या' चिकटला की त्याचा माणूस होतो, आणि तोही लांबचा नाही, ज्याच्या पाठीत धपाटा घालता येतो असा आपला माणूस. आई आधी रागावली, मग तीही तसंच म्हणायला लागली. तिला मात्र दटावायची, मोठ्या भावाला असं म्हणतात का, दादा म्हण. मग ती म्हणायची, बगळ्यादादा. तो तिला शेपूट म्हणायचा, कारण ती सदानकदा त्याच्या मागे.

आणि नदी मागच्या दारी. तिला तेव्हा नाव नव्हतं. आई प्रसन्न असली तर नदी म्हणायची आणि रागात असली तर ओढा. एकच असली की वस्तूला नाव लागत नाही, सूर्याला कुठे आडनाव आहे? पुढे बऱ्याच वर्षांनी, दुपारच्या सुट्टीत डब्याखाली पसरलेल्या वर्तमानपत्रात तिने वाचलं होतं की जगातल्या कितीतरी नद्यांच्या नावांचा अर्थ कुठल्यातरी विसरलेल्या भाषेत नुसता 'पाणी' किंवा 'वाहणारी' एवढाच असतो. बाहेरून कुणीतरी आला, त्याने काठावरच्या माणसाला विचारलं, हिला काय म्हणतात? त्या माणसाला कळेचना की हा असं काय विचारतोय, तो म्हणाला, पाणी. याने ते नाव म्हणून लिहून घेतलं. लॅबमधल्या बायका ते ऐकून खूप हसल्या, आणि तीही हसली. मग तिला पुढचा घास जाईना. भाजी खारट झालीय असं सांगून तिने डबा मिटला होता.

तीही दुपारचीच गोष्ट, ती लहान असतानाची. वडील सरकारी गोदामात वजनकाट्यावर होते आणि दुसऱ्या दिवशी तिथे मोठे साहेब येणार होते. बुटांचा तळ निघाला होता म्हणून ते पलीकडच्या काठावरच्या चांभाराकडे दिले होते. वडील म्हणाले, जा रे, बूट घेऊन ये. एवढंच म्हणाले. कुठलाही बाप म्हणेल असं, पानावरून मान वर न करता. पूल लांब होता, आणि पुलावरून कोण जाणार, सगळी वस्ती पाण्यातूनच जायची. वरच्या अंगाला एक साबणाचा कारखाना होता. कारखान्याचं तळं भरलं की ते दार उघडून पाणी सोडायचे, पण सोडायच्या आधी भोंगा वाजवायचे. त्या दिवशी भोंगा वाजला नाही, किंवा वाजला आणि कुणी ऐकला नाही. यावर पुढे बरीच भांडणं झाली, त्यातून काही निघालं नाही. ती मागच्या पायरीवर बसली होती. तो परत येताना दिसला, बूट नाडीला नाडी बांधून गळ्यात अडकवलेले, पँट वर खोचलेली. मग आईने तिला आत बोलावलं, कशाला ते आता आईलाही सांगता येणार नाही, वेणी घालायला असेल, नाहीतर दूध प्यायला. बाहेर आली तेव्हा पाणी साबणाच्या फेसाने पांढरं झालं होतं आणि काठावर माणसं जमायला लागली होती. वडिलांना बूट अलीकडच्या काठावर सापडले. कोरडे. पाणी वाढताना बघून त्याने आधी बूट काठावर फेकले होते. भिजले असते तर वडिलांची पंचाईत झाली असती. वडील ते बूट बोटांना लटकवून घरात आले, फळीवर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी कुणी मोठे साहेब आले की नाहीत हे घरात कधी कुणाला कळलं नाही. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी पायात बूट घातले नाहीत. चपला घालून कामावर जायचे, त्यावरून बोलणी खायचे, ऐकून घ्यायचे. आणि त्या पंधरवड्यात कधीतरी, भिंतीकडे तोंड करून, एकदाच म्हणाले, या घरात ते नाव नको.

आईने ते पाळलं. जी आई मागच्या दारात उभी राहून, 'बगळ्याऽऽ' असा शेवटचा स्वर लांबवत हाक मारायची आणि त्या हाकेने पलीकडच्या काठावरची कुत्री उठायची, तिने ते नाव असं सोडलं की जणू ते तिच्या जिभेवर कधी नव्हतंच. जेवताना एक पाट कमी झाला, दोरीवरचे कपडे कमी झाले, आणि शब्दांतूनही एक शब्द कमी झाला. बाहेर मात्र उलटं चाललं होतं. बाहेर तो शब्द वाढत होता. गल्लीतल्या आया आपापल्या पोरांना सांगायच्या, बगळ्या गेला त्या पाण्यावर जाऊ नका. मग घाईघाईत त्याचं झालं, बगळ्याच्या पाण्यावर जाऊ नका. ती जवळून गेली की त्या गप्प व्हायच्या, पदर सारखा करायच्या, तिच्या हातावर उगाच काहीतरी खायला ठेवायच्या. पुढे पुढे गप्प व्हायचं राहून गेलं. धुणं कुठे धुतलंस, बगळ्याच्या पाण्यावर. गुरं कुठे गेली, बगळ्याच्या नदीकडे. नवीन राहायला आलेली एक मुलगी तर तिलाच विचारत होती, तू बगळ्याची नदी बघितलीस का गं, चल दाखवते. ती त्या मुलीबरोबर गेली. तिने दाखवली, हिने बघितली. हाताने घासून घासून कवळीची कड गुळगुळीत होते, मग ती हिरडीला लागत नाही, तसा तो शब्द लोकांनी तोंडात वापरून वापरून गुळगुळीत केला होता. लागत नाही असं झालं की त्याला नाव म्हणायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. मग त्यांनी ते घर सोडलं, आणि तिला वाटलं, नदीही तिथेच राहिली.

दवाखान्यात आजोबा खुर्चीवर मान टाकून बसले होते. तिने मेणाची कवळी त्यांच्या तोंडात बसवली, गालांवरून बोटं फिरवली, चावा बघितला. या कामात तिचे हात तिच्याशिवायही चालायचे आणि आज तेच बरं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, काहीतरी बोला. आवाज नीट येतो का बघू."

"काय बोलू?"

"काहीही. कुठे राहता ते सांगा."

आजोबांनी ओठ जुळवले, नवे दात जिभेने तपासले आणि परीक्षेला बसल्यासारखे सावकाश म्हणाले, "बगळा नदी. तिसरी इमारत." मग तिच्याकडे बघून विचारलं, "आलं का बरोबर?"

"आलं," ती म्हणाली. "अगदी बरोबर आलं."

परतताना ती त्या थांब्यावर उतरली. उतरायचं असं ठरवलं नव्हतं, पण आवाज आला आणि तिने बटण दाबलं, जसं कुणीही दाबतं. नदीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या होत्या, कठडा होता, फरसबंदी होती, बाकं होती. मागचं दार कुठे होतं, पायरी कुठे होती, शिंपीणकाकूंचं घर कुठे, काही म्हणता काही ठरेना. सगळीकडे सारख्या खिडक्या. एका वळणावर तिला वाटलं, हे वळण ते, पण वळणंही आता मोजून घातलेली होती. कठड्यापाशी एक फलक होता. त्यावर लांब मानेच्या, एका पायावर उभ्या पांढऱ्या पक्ष्याचं सुरेख चित्र, आणि खाली लिहिलं होतं की पूर्वी या काठावर बगळ्यांचे थवे उतरत, त्यावरून या नदीला बगळा नदी हे नाव पडलं. तिने ते पुन्हा वाचलं. अक्षरं छान होती, एकही चूक नव्हती. बगळ्याची. बगळ्याची म्हणजे बगळ्याची, आणि बगळ्याची म्हणजे बगळ्याचीही. पक्षी असो की माणूस, 'ची' लागली की रूप एकच, व्याकरणच तसं होतं, त्यात कुणाला दोष देणार. कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर बसून तो चिकटलेला 'या' काढून टाकला आणि माणसाचा पक्षी झाला.

एक माणूस लहान मुलीला कडेवर घेऊन फलक वाचून दाखवत होता. मुलगी पाण्याकडे बघून म्हणाली, "बाबा, कुठाय बगळा?"

"आत्ता नाहीये. पूर्वी यायचे."

"इथे बगळे कधी येत नव्हते," ती म्हणाली. आपण बोललो याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तो माणूस सभ्य होता. हसला. "येत असतील हो पूर्वी."

"पूर्वी मी इथेच राहत होते."

"मग लहान असाल. लक्षात नसेल तुमच्या."

"मला सगळं लक्षात आहे."

तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्याने मुलीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि तो जरा मागे सरला. मुलीने विचारलं, "मग हिचं नाव असं का आहे?" आणि ती मुलगी तिच्याकडे बघत राहिली, उत्तर मिळणारच अशा खात्रीने, तोंड अर्धवट उघडं. वरचे दुधाचे चार दात दिसत होते. सांगायला काय, दोन वाक्यांचं तर होतं. तिने श्वासही घेतला. पण त्या दोन वाक्यांच्या शेवटी ही मुलगी या पाण्याकडे कशी बघेल ते तिला दिसलं, आणि घेतलेला श्वास तसाच सोडून ती थांब्याकडे चालायला लागली. मागून तो माणूस मुलीला काहीतरी समजावत होता. वेडी असेल बिचारी, असंच म्हणत असेल, किंवा काहीच म्हणत नसेल.

पण आठवडाभर तिचं मन त्या फलकावरून हलेना. दुसरं काही नाही, पण ते थवे. निदान एखादा बगळा लिहिला असता. थव्यांनी तिला झोपेतून उठवलं, थव्यांमुळे तिने एका जबड्यात डावी दाढ उजवीकडे बसवली, जे तिच्या हातून शिकाऊ दिवसांतही झालं नव्हतं. शेवटी सुट्टी टाकून ती नगरपालिकेच्या बागांच्या कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने तिला बसायला खुर्ची दिली. ऐकूनही घेतलं, सगळं नाही, पण फलक चुकीचा आहे एवढं.

"म्हणजे नाव बदलून हवंय तुम्हाला?"

"नाही. नाव बरोबर आहे. अर्थ चुकलाय."

कारकुनाने चष्मा काढून पुसला. "बाई, नावाचं आमच्याकडे असतं. अर्थाचं आमच्याकडे काही नसतं. मोजणीवाल्यांनी त्या काळी तिथल्या रहिवाशांना विचारून जे लिहिलं, तेच पुढे चालत आलंय. आता तुम्ही म्हणता तसं असेलही. घरात कुणी वडीलधारं आहे का, त्या वेळी तिथे राहणारं? त्यांनी सांगितलं तर मी वर बोलून बघतो."

"आई आहे."

"मग आईंना विचारा की."

तो सहज म्हणाला. मग आईंना विचारा की. जणू आईला विचारणं म्हणजे दारातून आत वाकून मीठ कुठे आहे विचारणं. आई आणि ती, दोघीच होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत. वडील जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती. तिचं लग्न व्हायचं राहिलं ते राहिलंच, त्याबद्दल दोघींपैकी कुणीच कधी फार खंत केली नाही. दोघींचं बरं चाललं होतं. भाजीवर बोलायच्या, शेजारच्या भांडणांवर बोलायच्या, आईच्या गुडघ्यांवर तर तासन्‌तास बोलायच्या. वडील गेल्यावर ती बंदी उठली असं एखादीला वाटलं असतं. पण बंदी घालणारा गेला की बंदी उठवणारा कोण उरतो? ती आईला जपत होती. आईला त्रास नको, या वयात. आणि आज तिला पहिल्यांदाच शंका आली की हे जपणं नसून नुसती सवय असेल, जखम कधीच भरून गेलेली आणि आपण पट्टी मात्र बदलत बसलोय.

रविवारी सकाळी आईची हिरडी दुखत होती. आईची कवळी तिनेच केलेली, सगळ्यांत जीव लावून केलेली, पण हिरड्या वयाबरोबर झिजतात आणि चांगली कवळीही टोचायला लागते. तिने आईला खिडकीपाशी उन्हात बसवलं, कवळी धुऊन हातात घेतली आणि बारीक कानशीने कड घासायला बसली. दात काढल्यावर आईचा चेहरा खाली मिटायचा, हनुवटी नाकाकडे यायची, आणि बोलताना ओठांतून नुसती हवाच जास्त जायची. सवयीने तिला सगळं कळायचं.

"आई," कानशीकडे बघत ती म्हणाली, "आपल्या जुन्या घरी कधी मोजणीवाले आले होते का गं?"

आईने दुखऱ्या हिरडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "एक आला होता. टोपीवाला. पाणी मागितलं त्याने."

"मग?"

"मग दिलं."

"तसं नाही. काही विचारलं का?"

"विचारलं की. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, हिला काय म्हणता? मी म्हटलं, नदी. तो म्हणाला, ते दिसतंय मला, पण नाव काय?" आईने मांडीवरचा पदर उगाच सरळ केला. "तू शाळेत होतीस. हे आत झोपले होते."

कानस थांबली होती. तिने ती मुद्दाम पुन्हा चालवली.

"काय सांगितलंस?"

"बगळ्याची नदी."

इतक्या वर्षांनी, त्या तोंडातून. तिला वाटलं होतं की ज्या दिवशी आई हे नाव घेईल त्या दिवशी घराच्या भिंती पडतील. भिंती जागेवर होत्या. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता.

"तू सांगितलंस?"

"मग कोण सांगणार? घरात कुणी घेत नव्हतं. हे घेऊ देत नव्हते, आणि तू त्यांच्या तोंडाकडे बघून घेत नव्हतीस. म्हटलं, या माणसाच्या कागदावर तरी राहील. बाहेर कुणीतरी घेईल."

"आणि ते बगळे?"

"कुठले बगळे?"

"तिथे लिहिलंय, बगळ्यांचे थवे यायचे म्हणून. मी बघून आले. कसले थवे, आई? एक तरी बगळा पाहिला होतास का तू?"

आई तिच्याकडे बघत राहिली. बघून आलीस, एवढंच तिच्या डोळ्यांत आधी उमटलं, मग बाकीचं. "तेही मीच सांगितलं," ती म्हणाली. "त्याने विचारलं, बगळ्याची म्हणजे तो पक्षी ना? इथे येतात का बगळे? मी म्हटलं, हो. येतात. पुष्कळ येतात."

"का?"

"नाहीतर काय सांगायचं होतं? त्याने हळहळ केली असती, पोरगा केवढा होता विचारलं असतं. आणि ते लिहिलं असतं त्याने. म्हणजे जो कुणी नाव घेईल त्याने पाठोपाठ म्हणायचं, बुडाला. जन्मभर लोकांनी माझ्या पोराला बुडाला, बुडाला म्हणायचं?" आईला धाप लागली, ती थांबली. "त्यापेक्षा उडाला म्हणू देत."

तिला राग आला. तो इतका जुना होता की कुणावर आहे ते तिला पटकन कळेना. आपण सगळ्या बालपणात तोंड मिटून बसलो आणि ही दारात उभी राहून एका परक्या टोपीवाल्याला सांगून मोकळी झाली. "मला का नाही कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"मलाही तुझं तसंच वाटायचं," आई म्हणाली.

हसायला हवं होतं खरं म्हणजे, इतकं ते साधं होतं. तिने कारकुनाचं सांगितलं, आईने सांगितलं तर फलक बदलतील म्हणून. आईने हात हलवला, माशी वारावी तसा. "राहू दे. ते नाव तरी कुठे माझं होतं? मास्तरांनी ठेवलं, गल्लीने उचललं, मीही त्यांच्या नादाने म्हणायला लागले. गल्लीचं होतं, गल्लीला दिलं."

"आणि तुझं?"

आईने मान खिडकीकडे वळवली. "पोटात होता तेव्हापासून मी त्याला एका नावाने बोलवायचे. मनातल्या मनात. बारसं झालं, वेगळं नाव ठेवलं, तरी रात्री दूध पाजताना मी माझंच म्हणायचे. त्याला माहीत होतं. यांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. ते नाही दिलं मी त्या माणसाला."

तिने विचारलं नाही. आणि मग, कुणी न विचारता, बाहेर बघत, आईने ते नाव घेतलं. आईचे दात तिच्या हातात होते. कुठल्या अक्षराला जीभ दातांवर टेकावी लागते, कुठल्याला नुसते ओठ पुरतात, हा तिचा रोजचा धंदा होता. दात नसलेली शेकडो तोंडं काय म्हणू बघतात ते तिने ओळखलं होतं. तिने कान दिला, सगळं अंग कान केलं. आधी एक श्वास आला, मग मध्ये एक लांबलेला स्वर, मग पुन्हा श्वास. अक्षरं येता येता विरघळून गेली. कवळी पुढे करून, आई, ही घाल आणि पुन्हा एकदा म्हण, असं म्हणता आलं असतं. तिचा हात तेवढा पुढे गेलाही. पण आईचे ओठ हलतच होते. ती ते परत परत म्हणत होती, हिच्यासाठी नव्हेच, आणि चेहऱ्यावर अंगावर पिणाऱ्या मुलाकडे खाली बघतानाचं काहीतरी होतं, जे या लेकीने कधीच पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा ती जन्मलीच नव्हती. तिने हात मागे घेतला. तिच्या भावाचं एक नाव होतं आणि ते आता तिच्यासमोर, या उन्हात, घेतलं जात होतं, आणि ते तिला कधीही कळणार नव्हतं.

बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले, पदराने तोंड पुसलं आणि कवळीसाठी हात पुढे केला. तिने ती दिली. आईने बसवली, दात एकमेकांवर टेकवून बघितले, मान हलवली. टोचत नव्हती.

"तू गेली होतीस तर," आई म्हणाली, आता स्पष्ट, एकेक अक्षर जागेवर. "पाणी आहे का अजून तिला?"

"आहे. फार नाही."

"किती?"

"असेल गुडघाभर."

आईने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, त्यांवर दोन्ही तळवे ठेवले.

"तेव्हाही तेवढंच असायचं गं," ती म्हणाली.